विशेष्याच्या अधीन: तंजावरचा नानार्थकोश आणि स्पॅनिशची विशेषणे

तमिळनाडूतील कुंभकोणम शहराजवळ, कावेरीच्या उत्तर तीरावर वसलेले तिरुविसनल्लूर हे गाव शैव परंपरेत शिवयोगिनाथाच्या प्राचीन मंदिरासाठी आणि त्या मंदिराच्या भिंतीवरील सूर्यघडीसाठी ओळखले जाते. मराठी वाचकाच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. 1693 साली तंजावरचे भोसले राजे शहाजी यांनी हे गाव 46 विद्वानांना अग्रहार म्हणून दिले, म्हणजे विद्वान ब्राह्मण कुटुंबांना अध्ययन-अध्यापनासाठी घरे आणि जमिनी करमुक्त स्वरूपात नेमून दिल्या, आणि त्या वेळेपासून गावाला शहाजीराजपुरम हे दुसरे नाव मिळाले. हे शहाजी म्हणजे तंजावरच्या मराठी राज्याचे संस्थापक व्यंकोजी यांचे पुत्र आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे पुतणे. आजोबांचे नाव धारण करणाऱ्या या राजाने 1684 पासून सुमारे पाव शतक राज्य केले आणि त्या काळात तंजावरच्या दरबारात संस्कृत, तेलुगू, तमिळ आणि मराठी अशा अनेक भाषांतील रचना शेजारी शेजारी घडू लागल्या.

या अग्रहारात राहिलेल्यांमध्ये वैयाकरण आणि नाटककार रामभद्र दीक्षित होते, तसेच श्रीधर वेंकटेश होते, ज्यांना तमिळ भाविक आजही अय्यावाळ या आदराच्या नावाने स्मरतात आणि ज्यांच्या मठातील विहिरीत गंगा अवतरल्याच्या श्रद्धेने दरवर्षी कार्तिकै महिन्याच्या अमावास्येला तेथे स्नानासाठी लोक जमतात. श्रीधर वेंकटेशांनी आपल्या आश्रयदात्यावर ‘शाहेन्द्रविलास’ नावाचे महाकाव्य लिहिले, ते डॉ. वे. राघवन यांनी संपादित करून 1952 साली तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातर्फे प्रसिद्ध केले, आणि शहाजींच्या काळातील विद्वन्मंडळाची ओळख आधुनिक वाचकाला बरीचशी त्या संपादनामुळे झाली.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्या राजाच्या नावावर असलेला एक कोश, आणि त्या कोशाच्या परंपरेतून स्पॅनिशची विशेषणे शिकणाऱ्या मराठी भाषकाला मिळणारी दृष्टी, हा आहे. ‘शब्दरत्नसमन्वय’ हे त्याचे नाव. तो बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये 59 व्या क्रमांकाने 1932 साली छापला गेला, म्हणजे कावेरीकाठच्या एका मराठी राजाचा ग्रंथ सुमारे सव्वादोनशे वर्षांनी दुसऱ्या मराठी राजघराण्याच्या ग्रंथमालेतून वाचकांपर्यंत पोहोचला, ही गोष्ट मराठी विद्याव्यवहाराच्या इतिहासात अधिक ठळकपणे नोंदली जायला हवी. संस्कृत कोशांचे दोन मुख्य प्रकार मानले जातात: एका अर्थाचे अनेक शब्द एकत्र देणारा समानार्थ कोश आणि एका शब्दाचे अनेक अर्थ एकत्र देणारा नानार्थ कोश. ‘शब्दरत्नसमन्वय’ दुसऱ्या प्रकारचा आहे. शिवकालातील, रघुनाथ पंडितांच्या नावाने ओळखला जाणारा ‘राज्यव्यवहारकोश’ मराठी वाचकांना अधिक परिचित आहे. पण त्याचा हेतू प्रचलित फारसी संज्ञेसमोर एक संस्कृत संज्ञा उभी करणे हा होता, आणि राज्यकारभाराच्या शब्दांना एकास एक असा जोड शोधणे एका मर्यादेपर्यंत शक्यही असते. नानार्थ कोशाचा प्रश्न नेमका तेथून पुढे सुरू होतो, जेथे एका शब्दासमोर एकच शब्द ठेवून भागत नाही.

नानार्थ कोश हा प्रश्न कसा हाताळतो हे समजण्यासाठी या परंपरेचा आधारग्रंथ असलेल्या ‘अमरकोशा’तील ‘हरि’ शब्दाची नोंद पाहण्यासारखी आहे. तेथे हरि या शब्दाचे यम, वारा, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, साप, माकड आणि बेडूक असे 13 अर्थ दिले आहेत आणि या सर्व अर्थांनी तो शब्द पुल्लिंगी आहे असे सांगितले आहे. त्यानंतर चौदावा अर्थ येतो, पिंगट रंगाचा, आणि त्या अर्थासोबत ‘त्रिषु’ एवढाच शब्द लिहिला आहे. त्रिषु म्हणजे तिन्ही लिंगांत. या दोन अक्षरांनी कोशकाराने वाचकाला सांगितले की येथे हरि हे नाम उरले नाही, ते विशेषण झाले, आणि म्हणून ज्या वस्तूचा रंग सांगायचा त्या वस्तूचे लिंग ते घेईल. अर्थांची ही यादी सप्तमी विभक्तीत दिलेली असते, म्हणजे ‘विष्णू या अर्थी’, ‘सिंह या अर्थी’ अशा रीतीने. मराठीत आजही ‘या अर्थी’ हा प्रयोग टिकून आहे. ही नोंद अमरकोशाच्या ज्या तिसऱ्या कांडात आहे त्याचा पहिला वर्ग विशेषणांचा आहे आणि त्याचे नाव विशेष्यनिघ्नवर्ग असे आहे. विशेष्य म्हणजे ज्याच्याविषयी काही सांगायचे ते नाम, आणि निघ्न म्हणजे अधीन. विशेषण हा विशेष्याच्या अधीन असलेला शब्द होय. व्याकरणकारांना येथे मुख्यतः लिंग, वचन आणि विभक्ती यांची अधीनता अभिप्रेत होती, परंतु अर्थाच्या बाबतीतही ती तितकीच खरी आहे आणि परभाषा शिकणाऱ्यासाठी कदाचित अधिक महत्त्वाची आहे: विशेषणाचा कोणता अर्थ घ्यायचा हे विशेषणात पाहून ठरत नाही, ते त्याच्या शेजारच्या नामात पाहून ठरते.

तंजावरच्या दरबारात हा प्रश्न पुस्तकी नव्हता. स्वतः शहाजींच्या नावावर ‘पंचभाषाविलास’ नावाचे नाटक आहे, ज्यात कृष्णावर अनुरक्त झालेल्या निरनिराळ्या प्रदेशांच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात आणि तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी व संस्कृत अशा पाच भाषा एका रंगमंचावर येतात. अशा ठिकाणी सर्वांना समान असलेला संस्कृत शब्द हाच सर्वांत फसवा ठरतो, कारण तो प्रत्येक भाषेत ओळखीचा वाटतो आणि प्रत्येकीत थोडा वेगळ्या अर्थाने रुळलेला असतो. शहाजींच्या मराठी नाटकाचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे नाव याची साक्ष देते. महाराष्ट्रातील वाचक कल्याण म्हणजे भले असे समजेल, परंतु तमिळ आणि तेलुगू भाषकांना कल्याण म्हणजे विवाह, आणि नाटक लक्ष्मी-नारायणाच्या विवाहाचे आहे. गुणवाचक शब्दांत ही तफावत आणखी सूक्ष्म होते. मूर्ख म्हणजे मराठीत बुद्धीने कमी. तमिळमध्ये त्याच शब्दाला हट्टीपणाची आणि आडदांड क्रौर्याची छटा चिकटलेली आहे, त्यामुळे एका भाषेतील कीव दुसऱ्या भाषेत भीती बनते. साधु या शब्दाचा प्रवास तर विशेषच उद्बोधक आहे. मराठीत साधू म्हटले की विरक्त पुरुष डोळ्यांसमोर येतो, म्हणजे शब्द नाम बनून बसला आहे. तमिळमध्ये तो प्रामुख्याने स्वभाव सांगतो आणि न मारणाऱ्या, शांत गाईलाही साधु म्हणतात. संस्कृत व्याकरणात साधु शब्द म्हणजे शुद्ध, नियमाने सिद्ध झालेला शब्द.

या शेवटच्या शब्दाचा तिरुविसनल्लूरशी एक संबंध आहे. रामभद्र दीक्षितांनी ‘उणादिमणिदीपिका’ नावाची टीका लिहिली, जी उणादिसूत्रांवर आहे. उणादिसूत्रे म्हणजे ज्या शब्दांची घडण पाणिनीच्या सामान्य नियमांनी सहज उलगडत नाही अशा शब्दांना धातूपासून सिद्ध करून दाखवणारी सूत्रे, आणि त्यांतील पहिल्याच सूत्राने ‘उण्’ हा प्रत्यय लावून जे शब्द सिद्ध होतात त्यांत वायु आणि कारु यांसारखी नामे जशी आहेत तशी स्वादु, साधु आणि आशु ही तीन विशेषणेही आहेत: स्वादु म्हणजे रुचकर, आशु म्हणजे शीघ्र, आणि साधु म्हणजे, परंपरेने दिलेल्या व्युत्पत्तीनुसार, दुसऱ्याचे कार्य साधून देणारा. व्युत्पत्ती शब्दाचे मूळ दाखवते. पण मूळ कळले म्हणून आजच्या वाक्यातील अर्थ कळतो असे नाही, आणि वैयाकरणांनाही याची पूर्ण जाणीव होती. म्हणूनच अर्थनिश्चयाचा विचार त्यांनी स्वतंत्रपणे केला.

त्या विचाराचे सर्वांत नेटके रूप भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीय’ ग्रंथाच्या दुसऱ्या कांडात आढळते. एखाद्या शब्दाचा अर्थ अनिश्चित असेल तेव्हा विशिष्ट अर्थ मनात आणून देणारी कारणे कोणती, याची तेथे मोठी यादी आहे, आणि पुढे काश्मीरच्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त तीच यादी उदाहरणांसह घेतली, त्यामुळे संस्कृत काव्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती ठाऊक असते. त्यातील पहिले कारण संयोग: शंख-चक्र धारण करणारा हरी म्हटले की तेरा अर्थांपैकी विष्णूच उरतो. साहचर्य म्हणजे सोबत. राम-लक्ष्मण म्हटले की दशरथाचा राम, पण विरोधिता, म्हणजे प्रसिद्ध वैर, लक्षात घेता राम-अर्जुन म्हटले की परशुराम आणि कार्तवीर्य अर्जुन. सामर्थ्य म्हणजे एखादी गोष्ट घडवण्याची क्षमता: मधूने धुंद झालेला कोकिळ असे म्हटले तर मधु म्हणजे मध किंवा मद्य नव्हे, वसंत ऋतू, कारण कोकिळाला धुंद करण्याचे सामर्थ्य वसंतातच आहे. काळ: चित्रभानु तळपतो आहे हे दिवसा म्हटले तर सूर्य, रात्री म्हटले तर अग्नी. प्रकरण, म्हणजे चाललेला प्रसंग, याचे शास्त्रकारांचे आवडते उदाहरण सैंधव हा शब्द आहे, ज्याचा अर्थ मीठही होतो आणि सिंधुदेशीचा घोडाही. जेवताना सैंधव मागवले तर मीठ आणायचे, प्रवासाला निघताना मागवले तर घोडा. या यादीत ‘लिंग’ हा शब्द येतो तो खूण किंवा लक्षण या अर्थाने, आणि व्याकरणातील लिंगासाठी तेथे ‘व्यक्ति’ हा शब्द वापरला आहे. म्हणजे अनेकार्थी शब्दांचा निर्णय सांगणारी यादीसुद्धा अनेकार्थी शब्दांनीच लिहिलेली आहे आणि तिचा अभ्यास करणाऱ्याला तिचेच नियम तिच्यावर लावावे लागतात. व्यक्तीचे उदाहरण मित्र शब्दाचे: संस्कृतात तो नपुंसकलिंगी असेल तर सखा, पुल्लिंगी असेल तर सूर्य.

तिरुविसनल्लूर ज्या भूमीत आहे तेथील तमिळ व्याकरणपरंपरेनेही हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. ‘तोल्काप्पियम’ या प्राचीन व्याकरणग्रंथाच्या शब्दविचार करणाऱ्या भागात अनेकार्थी शब्दांचे दोन गट केले आहेत: ज्यांचा अर्थ सोबतच्या क्रियापदाने वेगळा होतो असे शब्द आणि ज्यांचा तसा होत नाही असे शब्द. तमिळ ‘मा’ शब्दाचा अर्थ आंब्याचे झाडही होतो आणि पशूही. ‘मा फुलला’ म्हटले तर झाडाविषयी शंका राहत नाही, पण ‘मा पडला’ म्हटले तर झाड उन्मळले की जनावर कोसळले हे कळत नाही, आणि अशा वेळी बोलणाऱ्याने अधिक शब्द घालून अर्थ स्पष्ट केला पाहिजे असा त्या ग्रंथाचा दंडक आहे. भर्तृहरी ऐकणाऱ्याला उपाय सांगतो, तोल्काप्पियम बोलणाऱ्यावरही जबाबदारी टाकते, आणि परभाषा बोलू पाहणाऱ्याला या दुसऱ्या उपदेशाची गरज जास्त असते.

आता याच कसोट्या घेऊन स्पॅनिशकडे वळता येईल. पुण्या-मुंबईत आणि परदेशांतील मराठी कुटुंबांत स्पॅनिश शिकणाऱ्यांची जी अडचण वारंवार दिसते ती विशेषणांची आहे, आणि तिचे मूळ स्पॅनिशच्या अवघडपणात कमी आणि शिकण्याच्या मार्गात अधिक आहे. बहुतेक विद्यार्थी स्पॅनिश इंग्रजीच्या माध्यमातून शिकतात. डोक्यात मराठी अर्थ असतो, त्याला आधी इंग्रजी शब्द शोधला जातो आणि त्या इंग्रजी शब्दासमोर कोशात दिलेला पहिला स्पॅनिश शब्द उचलला जातो. यात घात असा होतो की मराठीने जे अर्थ मुळातच वेगळे ठेवलेले असतात ते इंग्रजी एका शब्दात मिसळते, आणि स्पॅनिशमध्ये ते पुन्हा वेगळे करावे लागतात. इंग्रजीचा ‘हॉट’ घ्यावा. मराठीत चहा गरम असतो, भाजी तिखट असते आणि दिवस उकाड्याचा असतो. स्पॅनिशमध्येही चहा ‘कालिएन्ते’, भाजी ‘पिकान्ते’ आणि दिवस ‘कालुरोसो’. मराठी माणसाने थेट आपल्या भाषेतून पाऊल टाकले असते तर तिखट आणि गरम यांची गल्लत त्याच्याकडून झालीच नसती. ‘शॉर्ट’ या इंग्रजी विशेषणाचे तसेच आहे: माणूस ठेंगणा, दोरी आखूड, भाषण थोडक्यातले असे मराठी म्हणते, आणि स्पॅनिश अनुक्रमे ‘बाखो’, ‘कोर्तो’ आणि ‘ब्रेवे’ म्हणते. ‘हार्ड’ दगडाला टणक या अर्थी ‘दुरो’ होतो आणि गणिताला अवघड या अर्थी ‘दिफिसिल’. ‘फ्री’ हा मोकळा या अर्थी ‘लिब्रे’ आणि फुकट या अर्थी ‘ग्रातिस’. ‘लाइट’ वजनाला हलका या अर्थी ‘लिखेरो’ आणि रंगाला फिका या अर्थी ‘क्लारो’. प्रत्येक ठिकाणी मराठी आणि स्पॅनिश एका बाजूला आहेत.

कधी कधी योग्य विशेषण म्हणजे विशेषणच नसणे, हेही मराठी माणसाला सहज कळण्यासारखे आहे. उन्हाळ्यात तो ‘मला उकडते’ असे म्हणतो, स्वतःला गरम म्हणवत नाही. स्पॅनिशमध्येही ‘मला उष्णता आहे’ अशा धाटणीचे वाक्य, ‘तेंगो कालोर’, वापरले जाते. इंग्रजी वाक्याची नक्कल करून स्वतःलाच ‘कालिएन्ते’ हे विशेषण लावणाऱ्याच्या वाक्याला चारचौघांत न शोभणारा अर्थ येतो, कारण माणसाच्या विशेष्याशी जोडल्यावर हे विशेषण वासनेकडे झुकते. चहाशी जोडलेला शब्द तोच, पण विशेष्य बदलले.

तथापि मराठीचा आधार सर्वत्र पुरत नाही, कारण मराठीही आपल्या परीने अर्थ मिसळते. ‘मोठा’ या शब्दाइतका सोपा आणि तितकाच बहुअर्थी शब्द मराठीत क्वचित सापडेल. मोठे घर आकाराने मोठे, मोठा भाऊ वयाने मोठा, मोठा लेखक योग्यतेने मोठा. स्पॅनिशमध्ये घर ‘कासा ग्रान्दे’ होते. भाऊ ‘एर्मानो मायोर’ होतो, कारण वयाच्या तुलनेसाठी ‘मायोर’ हा वेगळा शब्द आहे. आणि लेखकाच्या बाबतीत पहिलेच विशेषण आखूड होऊन नामाच्या आधी जाऊन बसते, ‘ग्रान एस्क्रितोर’. भर्तृहरीच्या यादीतील ‘अन्य शब्दाचे सान्निध्य’ हे कारण येथे नुसत्या सान्निध्यापुरते राहत नाही. जवळचा शब्द पुढे आहे की मागे यानेही अर्थ बदलतो. ‘पोब्रे’ हे विशेषण नामानंतर आले, ‘ओम्ब्रे पोब्रे’, तर माणूस निर्धन आहे, आणि नामाआधी आले, ‘पोब्रे ओम्ब्रे’, तर माणूस बिचारा आहे, त्याच्याकडे पैसा कितीही असो. ‘विएखो’ म्हणजे जुना किंवा म्हातारा. मित्राच्या नंतर लावले तर वृद्ध मित्र, आधी लावले तर जुना मित्र. ‘आन्तिग्वो’ हे वास्तूला लावले की प्राचीन असा अर्थ होतो, पण शिक्षक किंवा विद्यार्थी या नामांआधी लावले की माजी असा अर्थ होतो. मराठी या शेवटच्या तीन ठिकाणी स्थान न बदलता शब्दच बदलते, म्हणून मराठी विद्यार्थ्याला जागा बदलण्याची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

‘गरीब’ हा शब्द तर तमिळच्या साधु गाईपर्यंत पोहोचवतो. मराठीत गरीब माणूस पैशाने गरीब असतो, पण गरीब गाय स्वभावाने गरीब असते, आणि मुलगा गरीब आहे असे म्हटले तर प्रसंग कळल्याशिवाय अर्थ कळत नाही; हे तोल्काप्पियमने सांगितलेल्या, क्रियापदाने न सुटणाऱ्या प्रकाराचे उदाहरण आहे. स्पॅनिशमध्ये पैशाच्या अर्थी ‘पोब्रे’ आणि स्वभावाच्या अर्थी ‘मान्सो’ हे निराळे शब्द आहेत, गाईला ‘वाका मान्सा’ म्हणायचे. तमिळ साधु, मराठी गरीब आणि स्पॅनिश मान्सो हे तीन शब्द एकाच गाईपाशी जुळतात आणि ती गाय बाजूला होताच तीन दिशांना जातात. ‘कडक’ या शब्दाची गतही अशीच आहे: कडक चहा आणि कडक ऊन या दोहोंना स्पॅनिशचा ‘फुएर्ते’, म्हणजे जोरदार, हा शब्द चालतो, कडक शिस्तीला ‘एस्त्रिक्तो’ लागतो आणि शिळ्या कडक पावाला ‘दुरो’. एखाद्या ठिकाणी मात्र दोन दूरच्या भाषा अनपेक्षितपणे सारखा विचार करतात. समुद्राच्या खाऱ्या पाण्याच्या उलट असलेल्या नदी-विहिरीच्या पाण्याला मराठी गोडे पाणी म्हणते आणि स्पॅनिश ‘आग्वा दुल्से’, म्हणजे अक्षरशः गोड पाणीच म्हणते. त्यावरून गोडेतेलालाही तेच विशेषण चालेल असे मानले तर मात्र चूक होईल.

स्पॅनिशमध्ये विशेष्याबरोबर क्रियापदाकडेही पाहावे लागते, कारण ‘असणे’ या एका मराठी क्रियापदाच्या जागी तेथे दोन क्रियापदे आहेत: स्वरूप किंवा स्वभाव सांगणारे ‘सेर’ आणि अवस्था किंवा ठिकाण सांगणारे ‘एस्तार’. ‘लिस्तो’ हे विशेषण ‘सेर’सोबत आले की हुशार, ‘एस्तार’सोबत आले की तयार. ‘आबुरिदो’ हे ‘सेर’सोबत कंटाळवाणा आणि ‘एस्तार’सोबत कंटाळलेला. हिरवा या अर्थाचे ‘वेर्दे’ फळाला ‘एस्तार’सोबत लावले की फळ कच्चे आहे असा अर्थ होतो. तोल्काप्पियमने क्रियापदाला अर्थनिर्णायक मानले होते ते का, याचे इतके स्वच्छ उदाहरण तमिळमध्येही मिळणे कठीण आहे. मराठीत ही फारकत क्रियापदात नाही, ती विशेषणाच्या घडणीत आहे: कंटाळवाणा आणि कंटाळलेला हे दोन शब्द एकाच धातूपासून निघून आपापली जागा सांभाळतात.

लिंगाच्या बाबतीत मराठी भाषक इंग्रजी भाषकापेक्षा सुस्थितीत असतो. चांगला, चांगली, चांगले असे विशेषणाचे रूप बदलण्याची त्याला जन्मापासून सवय आहे. स्पॅनिशमध्ये तीनऐवजी दोनच लिंगे आहेत, ओकारान्त विशेषण स्त्रीलिंगी आकारान्त होते, आणि ‘दुल्से’ किंवा ‘ग्रान्दे’ यांसारखी विशेषणे लिंगाने बदलत नाहीत, जशी मराठीत सुंदर आणि लाल बदलत नाहीत. मित्र शब्दाच्या उदाहरणाशी मिळतीजुळती नामेही स्पॅनिशमध्ये आहेत: ‘कुरा’ पुल्लिंगी असेल तर धर्मगुरू, स्त्रीलिंगी असेल तर उपचार, ‘कोमेता’ पुल्लिंगी असेल तर धूमकेतू, स्त्रीलिंगी असेल तर पतंग. अशा वाक्यांत सोबतच्या विशेषणाच्या अंत्य स्वरावरून अनेकदा नामाचा अर्थ ठरतो, म्हणजे अधीन असलेले विशेषण आपल्या धन्याची ओळख पटवून देते.

शहाजींच्या निधनानंतर लवकरच, 1713 साली, माद्रिदमध्ये स्पॅनिश भाषेची शाही अकादमी स्थापन झाली आणि तिने 1726 ते 1739 या काळात सहा खंडांचा कोश प्रसिद्ध केला, जो ‘प्रमाणांचा कोश’ या अर्थाच्या नावाने ओळखला जातो, कारण त्यात शब्दाच्या अर्थांना मान्यवर लेखकांच्या वाक्यांचे प्रमाण दिले होते. त्याच्या शेजारी तंजावरच्या परंपरेचा नानार्थ कोश ठेवून पाहिला की दोन्ही संस्कृतींच्या विद्याव्यवहारातील फरक दिसतो. संस्कृत नानार्थ कोश श्लोकबद्ध आणि पाठांतरासाठी होता. त्याने फक्त अर्थ मोजून दिले, कारण ज्या वाक्यांत ते अर्थ येतात ती काव्ये आणि शास्त्रे वापरणाऱ्याला आधीच मुखोद्गत असत, आणि श्लेष साधू पाहणाऱ्या कवीला अर्थांची नेमकी संख्याच हवी असे. माद्रिदच्या कोशाने अर्थासोबत वाक्यही दिले. आजच्या शिकणाऱ्याला काव्ये मुखोद्गत नसतात, म्हणून त्याला माद्रिदच्या प्रकारच्या कोशाचीच गरज आहे. केवळ प्रतिशब्दांची यादी देणारे छोटे द्विभाषिक कोश त्याला नानार्थ कोशाचा सांगाडा देतात आणि प्रकरण, सान्निध्य, सामर्थ्य ही त्यामागची शिस्त देत नाहीत.

संगणकाद्वारे भाषांतर करणाऱ्यांनाही हाच प्रश्न सोडवावा लागतो. मुंबईच्या आयआयटीत हिंदी आणि मराठीसाठी जी शब्दजाळी, म्हणजे शब्दांचे परस्परसंबंध नोंदवणारे संगणकीय कोश, तयार झाली आहेत त्यांपैकी हिंदीच्या शब्दजाळ्यात विरुद्धार्थ, जाती-उपजाती अशा संबंधांबरोबर ‘हे विशेषण कोणत्या नामाला लागते’ हा एक स्वतंत्र संबंध नोंदवण्याची सोय आहे. अमरकोशाचा कर्ता अमरसिंह याने ज्याला विशेष्यनिघ्न म्हटले तोच हा संबंध, यंत्राला समजेल अशा रूपात. शिकणाऱ्याच्या वहीतही त्याला जागा मिळू शकते: ‘पिकान्ते म्हणजे हॉट’ अशी नोंद करण्याऐवजी ‘पिकान्ते: तिखट, आमटी-भाजीसारख्या पदार्थाला’ अशी, ‘मायोर म्हणजे मोठा’ अशी करण्याऐवजी ‘मायोर: वडील, भावाबहिणीला’ अशी, आणि ‘लिस्तो’समोर दोन्ही क्रियापदे लिहून प्रत्येकासमोर त्याचा अर्थ, नानार्थ कोशातील सप्तमीप्रमाणे ‘हुशार या अर्थी’ आणि ‘तयार या अर्थी’ असा लिहून.